मूल एक, रकाने अनेक

मेळघाटात पावसाळ्यात बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या की एक सरकारी खुलासा हमखास येतो: ही मुले कुपोषणाने नव्हे, न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावली. गेली तीन दशके हा युक्तिवाद चालू आहे. तो शास्त्राला धरून नाही आणि त्याने मुलांचे मोठे नुकसान केले आहे.

जुलाबात खाल्लेले अंगी लागत नाही. तापात भूक मरते आणि शरीराची गरज मात्र वाढते. खंगलेल्या मुलाला पुढचा आजार लवकर गाठतो आणि जास्त दिवस छळतो. डेव्हिड पेलेटिअर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ५३ विकसनशील देशांसाठी काढलेल्या अंदाजानुसार ५६ टक्के बालमृत्यूंमागे कुपोषणाचा हात होता. त्यांतले ८३ टक्के मृत्यू सौम्य आणि मध्यम कुपोषणाशी निगडित होते. केवळ तीव्र कुपोषितांच्या याद्या करणाऱ्या यंत्रणेला ही मुले दिसतच नाहीत.

इथे कार्ल टेलर यांची आठवण करून द्यायलाच हवी. मसुरीत १९१६ साली जन्मलेल्या या डॉक्टराने नेव्हिन स्क्रिमशॉ आणि जॉन गॉर्डन यांच्यासह कुपोषण व जंतुसंसर्ग यांच्या परस्परसंबंधावर लिहिलेला ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. पण टेलर ग्रंथापाशी थांबले नाहीत. पंजाबात लुधियानाजवळच्या नारंगवाल परिसरात त्यांनी काही गावांना पोषण आहार दिला, काहींना औषधोपचार, काहींना दोन्ही, आणि तुलनेसाठी काही गावे तशीच ठेवली. अन्न आणि औषध एकाच यंत्रणेतून घरापर्यंत पोहोचावे, असा त्यांचा आग्रह होता. जामखेडला १९७० मध्ये काम उभारणारे रजनीकांत व मेबल आरोळे आणि गडचिरोलीचे अभय व राणी बंग हे जॉन्स हॉपकिन्समधले त्यांचे विद्यार्थी. म्हणजे हा विचार महाराष्ट्राच्या मातीत रुजून अर्धशतक उलटले आहे. मंत्रालयात मात्र आजही महिला व बालविकास खाते वजन मोजते आणि आरोग्य खाते ताप.

आकडेवारीतही तीच फाळणी दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. जुलाब आणि श्वसनविकार यांचे रकाने वेगळे. यांतले दोन-तीन त्रास एकाच मुलाला एकाच वेळी किती ठिकाणी आहेत, हे जिल्ह्याच्या पत्रकातून कळत नाही. शिवाय मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके अमरावती जिल्ह्याच्या सरासरीत बुडून जातात. म्हणून आजारांचे थर एकावर एक दाखवणारा तालुकानिहाय, पाडानिहाय नकाशा हवा.

पण अशा नकाशाचा धोकाही ओळखायला हवा. एकदा गडद रंगाचा पट्टा उमटला की दोष डोंगराला, जंगलाला, आदिवासींच्या चालीरीतींना देणे सोपे होते. गडचिरोलीने हा समज खोडून काढला आहे. तिथे १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या नवजात बालकांची पाहणी झाली, तेव्हा ४२ टक्के बाळे कमी वजनाची होती. एकाच बाळावर जितके अधिक आजार एकत्र आले, तितका मृत्यूचा धोका वाढत गेला. मग गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन बाळाची उबेपासून जंतुदोषापर्यंत सगळी काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जंगल तेच, पाऊस तोच, गरिबीही तीच होती.

तेव्हा नकाशा हवा तो प्रदेशाचे भाकीत करण्यासाठी नव्हे, माणसे आणि साधने कुठे आधी पाठवायची ते ठरवण्यासाठी. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर जन्मानंतरच्या पहिल्या ४२ दिवसांतल्या गृहभेटी देतात. त्यांच्या नोंदींत वजन, श्वास, ताप आणि जुलाब एकाच ओळीत आले, आणि त्या ओळीची जबाबदारी दोन्ही खात्यांनी मिळून घेतली, तर मेळघाटातला पुढचा पावसाळा सुरू होण्याआधीच कोणत्या पाड्यावर धान्य, औषध आणि गाडी लागेल हे ठरवता येईल.