परक्याचा शोक

मॅक्स ब्रूखची चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची ‘कोल निद्रे’ ही रचना (1881) आपल्याकडे ज्यूंचं शोकसंगीत म्हणून ऐकवली जाते. ब्रूख ज्यू नव्हता, प्रोटेस्टंट होता. ही चाल त्याला बर्लिनमधल्या एका ज्यू प्रार्थनागायकाकडून कळली आणि सुंदर वाटली. शिवाय योम किप्पुर सुरू होताना म्हटले जाणारे मूळ अरेमाइक शब्द शोकाचे नाहीतच. नवस-शपथांच्या बंधनातून मोकळीक देणारा तो जवळजवळ कायदेशीर मजकूर आहे. तरी चेलो हुंदका गिळत, थांबत थांबत उतरू लागतो आणि माझ्यासारख्यांचे डोळे भरून येतात. शब्द टाकून नुसता हुंदका उचलला, तर नेमकं काय उचललं? भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

शोक करणारे ज्यू म्हणतात तो कद्दिश. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, देवाची स्तुती आहे. आणि तो एकट्याने म्हणायचा नाही. परंपरेने दहा पुरुष लागतात. कोकणातले बेने इस्रायल आधी मुंबईला, मग इस्रायलला गेले, तेव्हा गावात हे दहा जमवणंच अवघड झालं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. अर्थ पोचला, पण भाषांतराने दहा माणसं येत नाहीत. रावेलने 1914 मध्ये गळ्यासाठी रचलेला कद्दिश आता चेलोवरही वाजतो. ‘आमेन’ म्हणायला मात्र सभागृहात कुणी नसतं. टाळ्या असतात.

काशीत अहिल्याबाई घाटावर हे सगळं मनात घोळत होतं. तर्पणात आपल्या पितरांनंतर, ज्यांचं कुणीच नाही त्यांनाही पाणी देतात. गुरुजी आधी गोत्र विचारतात हे खरं, पण त्या शेवटच्या ओंजळीला गोत्र लागत नाही. ज्या अहिल्याबाईंच्या नावाचा हा घाट, त्यांनी 1754 मध्ये पती आणि 1767 मध्ये मुलगा गमावला होता. आणि पायऱ्या बांधल्या त्या अनोळखी लोकांच्या क्रियाकर्मासाठीही.

परक्यासाठी रडणं वेगळं, परक्याचं रडणं आपल्या सुखासाठी वापरणं वेगळं. ओंजळीतलं पाणी त्या परक्याला जातं. मैफलीतला हुंदका माझ्याकडेच राहतो. ब्रूखला मी चोर म्हणणार नाही, त्याने स्रोत लपवला नाही. माझं भांडण कार्यक्रमपत्रिकांशी आहे. तसली एखादी भाषांतराला आलीच, तर ‘शोकगीत’ हा शब्द मी वापरणार नाही. ‘शपथांची सोडवणूक’ लिहीन, आणि त्या बर्लिनच्या गायकाचाही उल्लेख करीन.