गाडीची दुखणी

कुडाळ तालुक्यातल्या एका गावात एक भजन मंडळ होतं. डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांचे, कार्यक्रम सुरू झाले की आज कणकवली, परवा वेंगुर्ले, आणि गणपतीत तर रोजची रात्र बाहेर. बुवा, पखवाजवाला, झांजवाला, कोरस अशी आठ माणसं, शिवाय पेटी आणि पखवाज. बिदागीतला मोठा वाटा भाड्याच्या गाडीत जायचा. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की जुनी का होईना, पण मंडळाची स्वतःची गाडी घ्यायची. आठ माणसं आणि घाटरस्ते म्हटल्यावर इनोव्हाच हवी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. 2016 नंतरची क्रिस्टा आवाक्याबाहेर होती, म्हणून त्याआधीची अडीच लिटर डिझेल इंजिनाची बघायची ठरली.

कोरसमधल्या एका तरुणाने कोल्हापुरातली एक गाडी मोबाईलवर शोधून काढली. 2014 ची, पांढरीशुभ्र, 78,000 किलोमीटर चाललेली. खजिनदार लगेच आगाऊ रक्कम पाठवायला निघाले. बुवांनी त्यांना थांबवलं आणि गावच्या मेस्त्रींना बोलावून घेतलं. मेस्त्री एवढंच म्हणाले, "बुवानू, गाडी सकाळीच बघूची. इंजिन थंड आसताना कळता, ता मगे कळना नाय."

आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तरी सकाळी मेस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू होताना काय लपवतं नि काय दाखवतं, ते बघायची संधी तिथेच गेली. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, काळा निघाला तर डिझेल नीट जळत नाही, आणि पांढरा धूर बराच वेळ थांबेना तर कूलंट आत शिरतंय का ते बघायचं. थंड इंजिनावर हे जास्त स्पष्ट दिसतं, म्हणूनच विकणारे बरेचदा ते आधीच तापवून ठेवतात.

मेस्त्रींनी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहू शकते. 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा आणि 2021 चा चिपळूणचा महापूर पाहिलेल्या आपल्या भागात ही तपासणी कुणी टाळू नये. पट्टा स्वच्छ होता. मग त्यांनी क्लचच्या पेडलवरचं रबर बघितलं, ते झिजून गुळगुळीत झालं होतं. स्टिअरिंगला नवं कव्हर शिवलेलं. इंजिनाजवळ वाकून त्यांनी टॉर्च मारला आणि बुवांना खुणेने बोलावलं. टायमिंग बेल्टच्या कव्हरवर मळकट स्टिकर होता: बेल्ट बदलला, 1,50,200 किलोमीटर.

मीटर तर 78,000 दाखवत होता.

विक्रेता म्हणाला, "तो स्टिकर दुसऱ्या गाडीचा असेल. या गाडीत एक रुपयाचं काम नाही बघा." सर्व्हिसची बिलं मागितली तर ती आधीच्या मालकाकडे राहिली होती. मेस्त्री वाद घालत बसले नाहीत. परतीच्या वाटेवर तरुण हिरमुसला होता. मीटर मागे फिरवलेला असला तरी इंजिन चांगलं असू शकतं ना, असं त्याने विचारलं. असू शकतं, मेस्त्री म्हणाले, पण आता त्या गाडीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. बेल्ट त्यानंतर किती चालला कुणास ठाऊक. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट लाख-दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. रात्री दोनला, घाटात, आठ माणसं गाडीत असताना.

पुढे महिनाभराने सावंतवाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची गाडी विकायची आहे असं कळलं. 2013 ची, 2,31,000 किलोमीटर चाललेली. आकडा ऐकून खजिनदारांनी मान हलवली. तरी गेले.

इंजिन थंडगार होतं. बाईंनी चहा ठेवला आणि किल्ली देण्याआधी स्वतःच सांगायला सुरुवात केली. यजमानांना वर्षानुवर्षं उपचारांसाठी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं आणि मुलगी मुंबईला, म्हणून गाडी एवढी फिरली. मागचा एसी हळू लागतो. खड्ड्यात पुढून खडखड येते, सस्पेन्शनचे बुश गेले आहेत. डाव्या दाराला खालून गंज धरलाय. क्लच वर्षभरात करावा लागेल असं गॅरेजवाला म्हणतो. मागे एकदा ट्रकने ठोकलं होतं, मागचा दरवाजा नवा आहे, विम्याच्या क्लेमचे कागद यात आहेत. असं म्हणून त्यांनी एक फाइल पुढे केली. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारून तारीख, किलोमीटर, काम, खर्च, सगळं त्यात ओळीने लिहिलेलं. टायमिंग बेल्ट एकदा लाख किलोमीटरला आणि पुन्हा दोन लाख किलोमीटरला बदललेला. ऑइल कधीही उशिरा नाही.

मेस्त्रींनी फाइल वाचली, पण फाइलवर भागवलं नाही. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. तिथून धूर फुसफुसत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यायची. तसं काही नव्हतं. मग ते गाडीखाली झोपले. इनोव्हाची बॉडी वेगळ्या चॅसिसवर बसवलेली असते आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गंज तिथे खालून लागतो. दाराचा पत्रा बदलता येतो, चॅसिस सडली तर गाडीच संपली. चॅसिसवर वरवरचा गंज होता, हातोडीच्या टोकाने ठोकलं तर आवाज घट्ट आला. टायरच्या कडेवरचे चार आकडेही त्यांनी वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. चारही टायर बिलांशी जुळत होते.

मग मेस्त्रींनी आठही जणांना गाडीत बसवलं, पखवाजही घेतला, आणि गाडी आंबोली घाटात चढवली. मला या गोष्टीतलं हे पाऊल सर्वांत शहाणपणाचं वाटतं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कुणीही चालवून दाखवेल. आपल्याला ती जशी वापरायची आहे तशीच तपासली पाहिजे. घाट संपेपर्यंत तापमानाचा काटा हलला नाही. क्लच मात्र चढावर थोडा घसरला, बाईंनी सांगितलं होतं तसाच.

खाली उतरल्यावर खजिनदार कुजबुजले, "पण मेस्त्री, सव्वादोन लाखांच्या वर गाडी!"

"लांबच्या रस्त्याक चललेले किलोमीटर आसत ते," मेस्त्री म्हणाले. थंड इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करून गावातल्या गावात फिरवलेल्या गाडीपेक्षा हमरस्त्यावर सलग चाललेल्या गाडीचं इंजिन कमी झिजतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. बुवा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "त्या माणसाने सांगितलं की गाडीत काही दोष नाही. या बाईंना गाडीची सगळी दुखणी तोंडपाठ आहेत. ज्याला दुखणी माहीत असतात, त्यानेच औषध केलेलं असतं. गाडी अशाच माणसाकडून घ्यावी."

क्लच, बुश आणि दार यांचा खर्च काढून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला बाई आनंदाने तयार झाल्या. 2028 मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरतील, मग आरटीओत तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागेल, तेही हिशोबात धरलं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येऊ शकते, म्हणून गाडी मंडळाच्या नावावर होईपर्यंत बुवांनी ती कार्यक्रमाला नेली नाही. क्लच आणि बुश मात्र पहिल्याच आठवड्यात बदलून घेतले.

वाचकहो, तुमच्या दारात आज जी गाडी उभी आहे, तीही कधीतरी दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार आहे. तिची बिलं फेकू नका. झालेलं काम, तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहीत जा, आणि विकाल त्या दिवशी ती वही किल्लीबरोबर द्या.