पुसलेले नाव



अपराध्याला शिक्षा करणे आणि त्याचे नावच पुसून टाकणे, ह्या दोहोंपैकी अधिक कठोर काय? वरवर पाहता दुसरी गोष्ट सौम्य वाटेल. तीत तुरुंग नाही की दंड नाही. परंतु चीनमधील एका दूरदर्शन अभिनेत्रीची हकिकत वाचल्यापासून हा प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो आज आपणापुढे ठेवतो.

झाओ वेई ह्यांचा जन्म १९७६ साली आन्ह्वी प्रांतातील वूहू शहरी झाला. बीजिंगच्या चित्रपट अकादमीत शिकत असतानाच त्यांना एका मालिकेत भूमिका मिळाली. तैवानच्या लेखिका छ्युंग याओ ह्यांच्या कादंबरीवरून रचलेली ही मालिका १९९८ साली दाखविली गेली. अठराव्या शतकात, सम्राट छ्येनलुंगच्या काळी, रस्त्यावर खेळ करून पोट भरणारी एक अनाथ मुलगी चुकून राजकन्या ठरते, अशी ती कथा. मुलीचे नाव श्याओ यान्झी. पाकोळी पक्ष्यावरून पडलेले. राजवाड्याची शिस्त न जुमानणारी ही पोर चीनमधील घराघरांत लाडकी झाली. १९९९ साली झाओ वेई ह्यांना ‘सुवर्ण गरुड’ हा दूरदर्शनचा मानाचा पुरस्कार मिळाला.

लोकांच्या प्रेमाची परीक्षा २००१ साली झाली. एका फॅशन मासिकासाठी त्यांनी घातलेल्या पोशाखावर जपानच्या युद्धकाळातील ध्वजाचे चित्र होते. १९३७ ते १९४५ ह्या काळात जपानी सैन्याने चीनमध्ये जे केले ते आठवले म्हणजे लोकांचा संताप समजू शकतो. झाओ वेई ह्यांनी जाहीर क्षमा मागितली. तरीही चांगशा येथे रंगमंचावर एका माणसाने त्यांच्यावर हल्ला करून त्यांच्या अंगावर घाण टाकली. पुढे मात्र राग निवळला. २००८ साली ‘रेड क्लिफ’ ह्या मोठ्या चित्रपटात त्या दिसल्या, आणि २०१३ साली त्यांनी स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित करून नाव मिळविले.

त्यानंतर पैशाचा व्यवहार आला. बहुतांश उसन्या पैशांच्या बळावर एक कंपनी ताब्यात घेण्याचा बेत करताना गुंतवणूकदारांची दिशाभूल झाली, असा निष्कर्ष चीनच्या रोखे नियामक आयोगाने काढला. २०१८ साली त्यांना ३ लाख युआन दंड झाला आणि रोखे बाजारात ५ वर्षे बंदी आली. येथे सारे उघड होते. चूक काय, दंड किती आणि बंदी कधी संपणार, हे त्यांनाही ठाऊक होते व जनतेलाही.

मग २६ ऑगस्ट २०२१ उजाडला. त्या दिवशी चीनच्या मोठ्या इंटरनेट चित्रवाहिन्यांवरून त्यांची काही कामे नाहीशी झाली. जी राहिली त्यांच्या श्रेयनामावलीतून त्यांचे नाव गळाले. श्याओ यान्झी पडद्यावर हसत होती, बागडत होती. पण ती कोणी साकारली ह्याची नोंद उरली नव्हती. कोणत्या अपराधासाठी हे घडले, ते कोणत्याही शासकीय संस्थेने जाहीर केले नाही.

त्याच मालिकेत दासीचे काम करणाऱ्या फान बिंगबिंग ह्यांची गोष्ट ह्याच्याशेजारी ठेवून पाहा. २०१८ साली त्या काही महिने लोकांच्या दृष्टीआड झाल्या. ऑक्टोबरात करचुकवेगिरीबद्दल ८८ कोटी युआनांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश निघाला आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. शिक्षा भारी होती, पण हिशेब मांडलेला होता. तरीही स्वदेशातील पडद्यावर त्यांना पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही. म्हणजे हिशेब चुकता झाल्यावरही दार बंद राहू शकते.

कोणी म्हणेल, कोट्यवधी तरुण ज्यांचे अनुकरण करतात त्यांना समाजाने जाब विचारू नये काय? जरूर विचारावा. श्रीमंती आणि प्रसिद्धी हे कायद्यापासून पळण्याचे आडोसे नव्हेत. परंतु जाब विचारणे म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून उभे करणे. शिक्षा अपराधाचे नाव घेते, म्हणून तीत पश्चात्तापाला जागा असते, भरपाईला जागा असते, आणि एके दिवशी क्षमेलाही जागा असते. ज्याचा अपराधच सांगितलेला नाही, त्याने पश्चात्ताप कशाचा करावा? आणि इतरांनी क्षमा तरी कशाची करावी? शिवाय नाव पुसल्याने घडलेले काम न घडलेले होत नाही. नोंद तेवढी खोटी होते.

ह्यात प्रेक्षकांचाही वाटा आहे. आपण एक प्रतिमा घडवितो, तिच्यावर जीव लावतो, आणि तिला तडा गेला की तिच्यामागचा जिवंत माणूसही नकोसा होतो. ज्यांनी श्याओ यान्झीवर प्रेम केले, त्यांतील किती जणांची झाओ वेई नावाच्या स्त्रीशी खरी ओळख होती?

वाचकहो, ही दूरदेशीची गोष्ट म्हणून पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबा. कित्येक घरांत असा एखादा भाऊ, मुलगी किंवा आत्या असते, जिचे नाव जेवताना कोणी काढत नाही. अल्बममधला फोटो काढून ठेवलेला असतो. काय घडले, हे धाकट्यांना कोणी सांगत नाही; ‘तो विषय नको’ एवढेच ते शिकतात. हे करण्यासाठी सत्ता लागत नाही, गप्प बसणे पुरते. आपल्या घरात असे कोणते नाव आहे? त्या माणसाची चूक काय होती, हे आपण त्याला तोंडावर कधी सांगितले आहे काय? नसेल, तर त्याने परतून यावे तरी कोणत्या वाटेने?