देव झालेल्या माणसाचा हुकूम

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (1965) कादंबरीच्या शेवटी तरुण पॉल अट्रायडीज वडिलांच्या घाताचा सूड घेतो आणि सम्राट होतो. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले. चार वर्षांनी ‘ड्यून मसाया’ आली, ती त्याच्या राज्याचा हिशेब मांडायला. पहिली कादंबरी क्रमशः छापणारे ‘अॅनालॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांना नायकाची ही उतरण रुचली नाही; त्यांनी हा भाग नाकारला. मग तो ‘गॅलेक्सी’ मासिकात आला.

पॉलच्या नावाने चाललेल्या बारा वर्षांच्या धर्मयुद्धात 61 अब्ज माणसे मेली, 90 ग्रह निर्जीव झाले, 40 धर्म नामशेष झाले. हे आकडे शत्रूच्या तोंडचे नाहीत. पॉल स्वतःच ते स्टिलगारला ऐकवतो, तेही चेंगीझखान आणि हिटलर यांच्या रांगेत स्वतःला बसवून. हिटलरच्या बळींची संख्या ऐकून स्टिलगारला ती किरकोळ वाटते. एके काळी पॉलला वाळवंटात जगायला शिकवणारा हा करारी मित्र आता निव्वळ भक्त उरला आहे. मैत्रीचा असा अंत कुठल्याही लढाईपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

मुळात तारणहाराची कथाच पेरलेली होती. बेने गेसेरिट या भगिनीसंघाने आपल्या बायका संकटात सापडल्या तर आसरा मिळावा म्हणून अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या फ्रेमन लोकांत ती रुजवून ठेवली होती. पॉल आणि त्याची आई जेसिका यांनी जीव वाचवण्यासाठी तिचा आधार घेतला. पेरणारे कावेबाज होते; मानणारे मात्र प्रामाणिक होते. सत्ता उभी राहिली ती या प्रामाणिकपणावर, आणि म्हणूनच ती कुणाला आवरेना.

हर्बर्ट यांना श्रद्धेची टिंगल करायची नाही. त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे: ज्याची पूजा होते, त्याला ती थांबवता येते का? पॉलला भविष्य दिसते, आणि दिसणारी प्रत्येक वाट त्याला आणखी जखडते. दैव आणि प्रयत्न यांचा जुना वाद इथे राजसिंहासनावर येऊन बसतो. तरीही पॉलला निर्दोष म्हणता येणार नाही. पुढचे ठाऊक असूनही त्याने ते सिंहासन स्वीकारले. ते जाणणे त्याची जबाबदारी वाढवते.

कादंबरीतला फारोक हा म्हातारा योद्धा या दृष्टीने फार मोलाचा आहे. जन्मभर पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवलेला हा माणूस युद्धात केवळ समुद्र पाहायला मिळेल म्हणून गेला. समुद्रात उतरला आणि बाहेर आला तेव्हा धर्मयुद्धाचा ज्वर उतरलेला होता. त्याच्या मुलाचे डोळे मात्र त्याच युद्धात गेले. फारोक शेवटी पॉलविरुद्धच्या कटात सामील होतो. कोर्बा हा पुरोहितही कटात आहे, पण त्याचे कारण वेगळे: जिवंत देवापेक्षा हुतात्मा देव पुरोहितांच्या सोयीचा.

कटातल्या स्फोटात पॉलची दृष्टी जाते. त्याची प्रिया चानी जुळ्यांना जन्म देऊन मरते, आणि फ्रेमन रिवाजाप्रमाणे आंधळा सम्राट एकटाच वाळवंटात निघून जातो. कायद्यापुढे वाकलेला देव म्हणून लोकांची भक्ती त्यामुळे आणखी घट्ट होते. कटाच्या सूत्रधारांपैकी एक, बेने गेसेरिटची मोहिअम, हिला मारू नये, असे पॉलने बजावले होते. त्याची बहीण अलिया तिच्या मृत्यूचा हुकूम देते. तो अमलात आणतो स्टिलगार.