रोजचें माप

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांत मान्न्याची हकीकत आहे. रानांत भुकेलेल्या इस्राएल लोकांना देवानें सकाळच्या दंवाबरोबर अन्न दिलें. परंतु प्रत्येकानें तें त्या त्या दिवसापुरतेंच गोळा करावें असा नियम घालून दिला. कित्येकांनीं उद्यांची तजवीज म्हणून राखून ठेविलें, तों सकाळीं त्यांत किडे पडलेले! आम्हां शेतकरी लोकांना हा नियम विचित्र वाटतो. बाजरी निघाली कीं कणगी भरावी, वर्षाची बेगमी करावी आणि निश्चिंत व्हावें, ही आपली शहाणपणाची रीत. परंतु देवाच्या वचनाच्या बाबतींत कणगीची रीत चालत नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं पवित्र शास्त्र आहे. तें स्वच्छ फडक्यांत गुंडाळून कोनाड्यांत ठेविलेलें असतें. त्याविषयीं आदर आहे यांत शंका नाहीं. पण तें उघडतें केव्हां? लग्नांत, मरणप्रसंगीं, किंवा मूल तापानें फणफणलें म्हणजे. मग घाबरलेला मनुष्य डोळे मिटून पुस्तक उघडतो, पानावर बोट ठेवितो, आणि बोटाखालीं जें येईल तोच आजचा देवाचा निरोप असें समजतो. आम्हांस स्पष्ट बोलणें भाग आहे: हा कौल लावण्याचाच प्रकार होय. वाडवडिलांनीं देवळांत जें केलें तेंच आपण छापील पुस्तकावर करूं लागलों, तर देऊळ सुटलें पण रीत सुटली नाहीं. शिवाय तें बोट कधीं वंशावळीवर पडतें, कधीं शापावर. आणि बिचारा मनुष्य अधिकच खचतो.

जुन्नरकरांना नाणेघाट ठाऊकच आहे. कोंकणांत उतरणाऱ्या त्या खिंडीच्या तोंडाशीं सातवाहन राजांच्या काळचें लेणें असून त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत लेख कोरलेला आहे. शेंकडों वर्षें व्यापारी, बैल, गुराखी त्याच्या जवळून गेले. पावसांत आडोसा म्हणून कित्येक त्याच भिंतीला पाठ टेंकून बसले असतील. अक्षरें डोळ्यांपुढें होतीं, पण वाचणारा नव्हता. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यांनीं ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हां कोठें त्या दगडाला वाचा फुटण्याची वाट मोकळी झाली. आपल्या कोनाड्यांतील पुस्तकाची लिपी तर आपणांस येते.

वाचून मिळतें काय, असें कोणी विचारील. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचा भाव पडला, तर अध्याय वाचल्यानें तो चढत नाहीं. विजेची पाळी रात्रीची आली कीं घरधनी उसाच्या कडेनें पाणी द्यावयास जातो, आणि बिबट्याच्या भयानें घरीं कोणाचा डोळा लागत नाहीं. वाचनानें उसांतला बिबट्या निघून जात नाहीं. जो उपदेशक तसें आश्वासन देतो त्याचें ऐकूं नका.

परंतु हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायाचा शेवट पाहा. तेथें एका शेतकऱ्याचा सारा हिशेब मांडला आहे. अंजिराला कळी नाहीं, वेलीला द्राक्ष नाहीं, जैतुनानें दगा दिला, शेतांत दाणा नाहीं, वाड्यांत मेंढरूं नाहीं, गोठ्यांत गुरूं नाहीं. एकही ओळ जमेची नाहीं! आणि संदेष्टा असें म्हणत नाहीं कीं पुढील साल चांगलें जाईल. एवढ्या रिकाम्या गोठ्यांत उभा राहून तो म्हणतो कीं आपला आनंद देवाच्या ठायीं आहे. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. त्यांत सुटकेची वार्ता नाहीं, केवळ आक्रोश आहे, तरी तो देवापुढें केलेला आक्रोश आहे. ज्याला प्रार्थनेंत रडण्याचीही लाज वाटते त्यानें तें स्तोत्र वाचावें. हे भाग कोठें आहेत हें संकटाच्या दिवशीं शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणून काय होणार? रोज खाल्लेली भाकर दुसऱ्या दिवशीं ताटांत दिसत नाहीं, पण अंगांत बळ होऊन राहते.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत, केडगांव येथें, पंडिता रमाबाईंनीं मुक्ति मिशन चालविलें. दुष्काळांत उघड्या पडलेल्या मुली व विधवा तेथें आल्या. खुद्द बाईंचे आईबापही त्यांच्या तरुण वयांत दुष्काळांतच गेले होते. या साध्या बायकांना समजेल अशा मराठींत सारें शास्त्र असावें, म्हणून बाई इब्री व ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षें भाषांतर करीत राहिल्या. संस्कृताची एवढी विदुषी, पण तिनें पंडितांसाठीं लिहिलें नाहीं, हें आम्हांस फार मोठें वाटतें. १९२१ च्या जुलैंत त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरीही काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूपाशीं गेल्या, त्यापूर्वीं अगदीं थोडे दिवस तें पुरें झालें होतें. १९२४ सालीं तें शास्त्र मुक्ति मिशनच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्या आठनऊ महिन्यांत, लेकीची खोली रिकामी असतां, रोज सकाळीं त्याच वचनांपाशीं बसणें बाईंना सोपें गेलें असेल काय? शोक संपल्यावर वाचूं असें त्या म्हणाल्या असत्या, तर तें काम अर्धेंच राहिलें असतें.

आंबेगांवच्या पश्चिमेकडील बंधु म्हणतील, भाताच्या लावणींत वेळ कोठला? खरें आहे. चिखलांत दिवसभर वांकून आलेल्या माणसाला चार अध्याय वाचावयास सांगणें निर्दयपणाचें होईल. दहा ओळी पुरेत. उपदेशकांनीं आठवड्यांतून एकदां घरोघर जाऊन काय वाचलें एवढेंच विचारावें. परीक्षा घेऊं नये. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्या घरीं शाळेंत जाणाऱ्या मुलानें जेवणापूर्वीं मोठ्यानें वाचावें. मूल नसेल तेथें मोबाईलवर ऐकावें, त्यांत कमीपणा नाहीं. मूल अडखळलें तर आजीनें थांबवून तीच ओळ पुन्हां वाचवून घ्यावी. आरंभ मार्काच्या शुभवर्तमानापासून करावा. त्याचे सोळा अध्याय आहेत. तें संपलें म्हणजे हबक्कूक घ्यावा. तो अवघ्या तीन अध्यायांचा आहे.