शेतात लपविलेली ठेव
(मत्तय १३:४४)

प्रभूने या एका वचनात ज्या मनुष्याची गोष्ट सांगितली, तो वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यास परका वाटावयाचा नाही. दुसऱ्याच्या शेतात त्याला ठेव सापडते. तो ती झाकून टाकतो, आनंदाच्या भरात सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. आपल्याकडेही नांगराच्या फाळाला हंडा लागल्याच्या गोष्टी गावोगाव सांगतात, व त्या सर्वच पोकळ नाहीत. १८१८ पूर्वी पेंढाऱ्यांच्या भयाने लोक पैसा जमिनीत पुरीत, आणि पुरणारा कित्येकदा न सांगताच मरे.

धाम नदीकाठचे पवनार पाहा. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. (मनसरचा पक्ष घेणारे विद्वानही आहेत.) १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खनन केले, तेव्हा प्राचीन वस्तीचे थर उघड झाले. विनोबा भावे १९३८ साली तेथे राहावयास आले, आणि पुढे जमीन खणताना भरत-राम भेटीचे म्हणून ओळखले जाणारे जुने शिल्प त्यांना सापडले. ते कोणी रातोरात विकले नाही. ते आश्रमात सर्वांच्या दृष्टीसमोर राहिले.

परंतु गुप्तधनाचा लोभ उजेडात काम करीत नाही. धातूचा सुगावा देणारे यंत्र हल्ली विकत मिळते. ते घेऊन गावाच्या पांढरीवर रात्री फिरणारा आणि मांत्रिकाला सोबत नेणारा, दोघांची भूक एकच. मांत्रिक तर लिंबू-कोंबड्यावर थांबेलच असे नाही. गुप्तधनासाठी मनुष्याच्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेल्यामुळेच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला. ख्रिस्ती म्हणविणाऱ्याने त्या खड्ड्याजवळ कंदील धरावयासही उभे राहू नये.

येथे कोणी विचारील, "मग दाखल्यातील मनुष्यानेही ठेव लपविलीच ना? मालकाला सांगितले कोठे?" हा प्रश्न उपदेशकांनी टाळू नये, सालदार व बटईदार तो खरोखरच विचारतात. आमचे उत्तर असे: प्रभूने आपल्या येण्याची उपमा चोरालाही दिली, म्हणून चोरी पवित्र झाली नाही. दाखल्याचा भर लपविण्यावर नाही; जे मिळाले त्यापुढे घरदार, बैलजोडी सर्व हलके वाटले, त्या आनंदावर आहे. शिवाय त्या मनुष्याने हंडा काढून पळ काढला नाही. शेताची किंमत मोजताना तो स्वतः रिता झाला. आखानाचे याच्या उलट झाले. यरीहोच्या लुटीतील दोनशे शेकेल रुपे व सोन्याची वीट त्याने डेऱ्यात पुरली, त्यासाठी स्वतःचे काहीच दिले नाही, आणि त्याचा भार सर्व मंडळीवर पडला.

तेव्हा आपल्या शेतात काही निघाले तर काय करावे? १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावे लागते. चौकशीअंती ती बेवारस ठरली, आणि सरकारने ती मोबदला देऊन घेतली नाही, तर निराळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश जमीनमालकास मिळतो. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराचाच वाटा मोठा! लपविली तर तो वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सोनाराकडे जाऊन नाणी वितळवू नयेत, चिंचेने घासूही नयेत. कोणत्या धुऱ्याजवळ, किती खोल सापडली हे ध्यानात ठेवावे. ज्या बंधूस लिहिता येत नाही, त्याचा अर्ज गावच्या उपदेशकाने त्याच दिवशी लिहून द्यावा, आणि त्याबद्दल एक पैसाही घेऊ नये.