डबा, पट्टा आणि परोपकार

परोपकार करायची वेळ आली की माणसाचा हात आपोआप मागच्या वस्तूकडे जातो. महाबळेश्वरच्या पावसात राहणाऱ्या कुठल्याही घरात पाहा. दाराशी दोन छत्र्या असतात. एक घरातली आणि एक 'द्यायची'. द्यायच्या छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या असतात आणि ती उघडली तर मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. तरी ती देताना आपला चेहरा असा होतो, की बघणाऱ्याला वाटावं, आता हे अंगावरची शालही काढून देणार!

हा विचार माझ्या डोक्यात शिरला त्याला कारण माझा भाचा. तो तारकर्लीला लोकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की धंदा बंद. मग स्वारी मामाकडे येते. मामाचं घर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर. पण इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे पाणबुड्याला परकं वाटू नये याची व्यवस्था निसर्गानेच करून ठेवली आहे.

यंदा येताना त्याने एक नवा पट्टा आणला. त्याला पुढेमागे पाण्याखालच्या गुहांत उतरायचं आहे. तिथे मिट्ट काळोख, म्हणून मोठा दिवा लागतो. दिव्याची बॅटरी वेगळ्या नळकांडी डब्यात. डबा साधारण कॉफीच्या थर्मासएवढा, तो उजव्या कमरेला. त्यातून वायर निघते आणि दिवा डाव्या हाताच्या पाठीवर बसतो, म्हणजे बोटं मोकळी राहतात. हा डबा पट्ट्यावर नीट बसवायला त्याला एक माणूस हवा होता. घरात रिकामा माणूस एकच. दुसऱ्या मिनिटाला मी ओसरीवर पायजम्यावर तो सगळा साज चढवून उभा होतो.

"अहो, नाडी तरी नीट बांधा आधी," ही आतून म्हणाली.

भाच्याने डबा पट्ट्यात ओवला, बकल लावलं. मला वाटलं, संपलं. तर त्याने डब्याच्या पुढे आणखी एक बकल चढवलं.

"हे कशाला रे?"

"मामा, मुख्य बकल सोडलं तर पट्टा सुटतो. डबा नुसता त्याच्याच भरवशावर असेल तर घसरून तळाला जाईल. म्हणून त्याचं बकल वेगळं."

मग त्याने एक लांबलचक काळी नळी घेतली. सात फूट! ती पाठीवरच्या टाकीपासून उजव्या बाजूने खाली आणली, डब्याखाली खोचली, तिथून छातीवरून तिरपी डाव्या खांद्याकडे आणि मानेमागून फिरवून तोंडाशी. म्हणजे अगदी जानव्याच्या वाटेने. मुंजीनंतर इतक्या गंभीरपणे माझ्या अंगावर कोणी काही घातलं नव्हतं.

"एवढी लांब? तोंड तर इथेच आहे."

"ही दुसऱ्याला द्यायची. जोडीदाराची हवा संपली तर आपल्या तोंडातली काढून त्याला द्यायची. गुहेत वाट अरुंद असते, शेजारी शेजारी पोहता येत नाही. एकामागून एक बाहेर यावं लागतं, म्हणून सात फूट. आणि डबा ढिला असला तर ही नळी त्याच्याखालून निसटते, कशात तरी अडकते. म्हणून तो घट्ट हवा."

मी चाट पडलो. दिवा स्वतःचा, कंबर स्वतःची. पण डबा कुठे आणि किती घट्ट बसवायचा, हे दुसऱ्याच्या श्वासावरून ठरवायचं!

"पण तोंडातली का? एखादी जादा ठेवावी, ती द्यावी."

"जादा असतेच. ती रबराने गळ्यात अडकवलेली असते. ती आपल्याला. तोंडातली नळी चालू आहे हे आत्ताच्या श्वासाने कळलेलं असतं. ज्याला हवाच नाही, त्याला खात्रीची द्यायला हवी. आणि घाबरलेला माणूस तोंडातलीच ओढतो. मग तिलाच द्यायची केलेली बरी."

मला एकदम गुरुजी आठवले. गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवे गेलेले, धुकं इतकं की स्वतःचा हात ओळखीचा वाटेना. शेजारचे गुरुजी बॅटरी मागायला आले. घरात दोन बॅटऱ्या. एक दाराच्या खिळ्याला, लख्ख. दुसरी खणात, तिचे सेल उतरलेले. माझा हात खणात गेला. गुरुजी वळणापर्यंत पोचले असतील-नसतील, बॅटरी विझली आणि त्यांचा पाय गटारात. सहा आठवडे प्लास्टर. दुसऱ्या दिवशी मी मधाची बाटली घेऊन गेलो. गुरुजींनी बॅटरी पुसून परत दिली आणि म्हणाले, "वस्तू चांगली आहे हो. सेल तेवढे बघा." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

कठोपनिषदात नचिकेताच्या वडिलांनी यज्ञात गाई दान केल्या, त्या दूध आटलेल्या, म्हाताऱ्या. पोराला ते बघवेना. यमाच्या दारापर्यंतची ती सगळी कथा अशा खणातल्या बॅटरीपासूनच सुरू होते.

"म्हणजे तुम्ही पाणबुडे दानशूर कर्णच की रे!" मी म्हणालो.

"छे! कर्णाकडे दुसरं कवच कुठे होतं? आमच्या गळ्यात दुसरी नळी असते."

"मग यात पुण्य ते काय?"

"पुण्याचं माहीत नाही मामा. दोघंही वर येतात."

मी गप्प बसलो. चांगुलपणा कसा, आतून उमलून यावा असं आम्हाला शिकवलं. पण ऐन वेळी आतून आधी उमलते ती भीती; आणि भीती नसली तर कंजूषपणा. गुरुजी दारात उभे असताना मी काही दुष्ट विचार केला नव्हता. विचारच केला नव्हता. हाताला सवय होती तिकडे तो गेला. भाच्याचा हात तोंडातल्या नळीकडे जाईल, कारण त्याने तो कोरड्या ओसरीवर शंभरदा तसा नेला आहे. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा इथले ट्रेकर पावसात दोरावरून दरीत उतरले. एक माणूस वाचला. बाकीच्यांना त्यांनी वर आणलं. दरीच्या काठावर उभं राहून कोणी दोर तपासायला शिकत नाही. ते शिकणं आधी झालेलं असतं, कोणी बघत नसताना.

आता पट्ट्याने चांगुलपणा येतो का, असा कोणी वाद घालील. नसेल येत. पण पट्टा कोणासाठी तरी ओवावाच लागतो, आणि ओवताना तो दुसरा माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो. माझ्या खणातली बॅटरी मी कधी कोणाला डोळ्यांपुढे आणून ठेवली होती?

त्या संध्याकाळी मी दोन्ही बॅटऱ्यांत नवे सेल घातले. खिळ्यावरची द्यायची, खणातली आपली, असं हिला सांगून टाकलं. ही म्हणाली, "आणि छत्री?" छत्रीचं अजून ठरलेलं नाही.

चार दिवसांनी दिवे गेले आणि गुरुजी काठी टेकत आले. मी खिळ्यावरची बॅटरी काढून दिली. मनात आलंच, परत कधी देतील? पण तोवर हाताने काम केलं होतं.

गुरुजींनी 'आभारी आहे' म्हटलं. मग दारातच उभं राहून, माझ्याकडे न बघता, दोनदा बटण दाबून पाहिलं आणि निघाले.